कानाचं माप

संध्याकाळचे सात, दादरचा पूल. फुलमार्केटकडून झेंडूचा आणि ओल्या पाल्याचा वास येतोय, खाली एकाच वेळी दोन गाड्या लागल्यात, आणि त्या लोंढ्यात कठड्याशी अंग चोरून उभी असलेली माझी भाची पर्समधून एक छोटी डबी काढतेय. "मामा, ऐकून सांग ना कसे आहेत." दोन मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून तिने चौदाशे रुपयांचे वायरवाले इअरफोन घेतले होते. स्वतःच्या पैशाने, स्वतः निवडून घेतलेले पहिलेच. मी ते कानात घातले, वीसेक सेकंदं ऐकलं आणि म्हणालो, "पातळ आवाज आहे गं. नुसता किरकिरतोय, खालचं काही येतच नाही. परत करता आले तर बघ." ती म्हणाली, "कानातली वस्तू आहे मामा, परत नाही घेत." मग तिने वायर दोन बोटांभोवती नीट गुंडाळली, डबीत ठेवली, आणि झाकण लावल्यावर अंगठा त्याच्यावर जरा जास्तच वेळ दाबून धरला. तेवढ्यात तिच्या डोंबिवली गाडीची घोषणा झाली आणि ती जिना उतरून गेली. मी पश्चिमेच्या बाजूला वळलो. गोरेगावपर्यंत तो अंगठा माझ्या डोळ्यांसमोरून हलला नाही.

तिला ते इअरफोन का हवे होते, हे मला चांगलं ठाऊक होतं, म्हणून जास्त लागलं. दिवाळीच्या पहाटे ती मैत्रिणींबरोबर फडके रोडला गेली होती. नवे कपडे, फोटो, भेटीगाठी, त्या वयात जातात तशीच. घरी परतताना एका दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात ती सहज म्हणून मागच्या खुर्चीवर टेकली आणि संपेपर्यंत उठली नाही. मग भाऊबिजेला मी गेलो तेव्हा ती मला त्याबद्दल सांगत होती, आणि सांगत होती ते गाण्याबद्दल नव्हतंच. "सुरू व्हायच्या आधी नुसते तंबोरेच चालले होते ना मामा, ते पोटात वाजत होते." घरी येऊन तिने मोबाईलवर तसंच काही शोधलं, उशीशी ठेवून ऐकलं, आणि तिची तक्रार एवढीच होती की तंबोरा कुठे गेला कळत नाही.

तिची तक्रार अगदी शास्त्रशुद्ध होती. काळी एकच्या, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत लावलेल्या, तंबोऱ्यात खर्जाची, सगळ्यात खालच्या सुराची तार साधारण ६९ हर्ट्झला वाजते, म्हणजे सेकंदाला ६९ वेळा थरथरते. मोबाईलच्या तळाशी बसवलेला नखाएवढा स्पीकर तिथवर पोचूच शकत नाही, तेवढी हवा हलवण्याइतकं अंगच त्याला नसतं. तरी आपल्याला खर्ज अजिबात ऐकू येत नाही असंही होत नाही, कारण त्या तारेतून निघणारे वरचे स्वर, १३८, २०७, २७६ आणि पुढचे, त्यांतले बरेचसे मोबाईल देतो आणि त्यांच्यातल्या अंतरावरून आपला मेंदू खालचा स्वर मनानेच भरून काढतो. म्हणजे मोबाईलवर आपण खर्जाचा आभास ऐकतो. ज्याने तो प्रत्यक्ष कधी ऐकलाच नाही त्याला आभास पुरतो. भाचीने पहाटे सहा वाजता तो अंगावर घेतला होता, तिला कसा पुरणार?

आमच्या घरात आवाजाच्या बाबतीत मला विचारायची पद्धत आहे. मी काही ध्वनिमुद्रक नाही, बँकेत नोकरी करतो, पण तीस वर्षं ऐकतोय आणि त्यातली बरीचशी वर्षं काय कशावर ऐकावं याचा ध्यास घेऊन काढली आहेत. गिरगावात आमच्या खोलीत रेडिओ फडताळावर असायचा, आणि फडताळाचं लाकूडही त्याच्याबरोबर घुमायचं. भाऊबिजेला ताईने मला पहिला वॉकमन दिला तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या स्पंजच्या हेडफोनांमधून त्याच कॅसेट पुन्हा ऐकताना मला पहिल्यांदा गाणाऱ्याचा श्वास ऐकू आला. पट्टीच्या वरच्या सुरावर जायच्या आधी घेतलेला, छोटा, घाईचा. मी कॅसेट मागे नेऊन नेऊन तो श्वास ऐकला होता. आणि काळा घोड्याचं रेकॉर्डींचं दुकान, ऱ्हिदम हाऊस! तिथल्या काचेच्या बूथमध्ये उभं राहून आधी ऐकायचं आणि मग घ्यायचं, किंवा घ्यायला पैसे नसले तर नुसतंच ऐकून बाहेर यायचं. २०१६ साली ते बंद झालं तेव्हा लोक तिथल्या रेकॉर्डींबद्दल हळहळले, मी त्या बूथबद्दल हळहळलो. घेण्याआधी ऐकायची मुभा त्यात होती. आज कानात घालायची वस्तू दुकानात सहसा कुणी कानात घालू देत नाही, आणि स्वच्छतेच्या दृष्टीने ते बरोबरही आहे, पण मग पहिल्यांदा घेणाऱ्याने विसंबायचं कशावर? खोक्यावरच्या आकड्यांवर, नाहीतर मामावर.

खोक्यावरच्या आकड्यांचा मला मनापासून राग आहे. "१० हर्ट्झ ते ४० किलोहर्ट्झ" असं छापलेलं असतं. माणसाचा कान अगदी तरुणपणी, अगदी निरोगी असताना २० ते २०,००० हर्ट्झच्या दरम्यान ऐकतो आणि वरचं टोक वयाबरोबर खाली येत जातं. शिवाय त्या दोन टोकांच्या मधे आवाज कुठे किती चढतो आणि कुठे किती पडतो हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही. दादर ते डोंबिवली गाडी जाते एवढंच सांगितलं, मधली कुठली स्टेशनं घेते ते सांगितलंच नाही, तसं ते आहे. "चार ड्रायव्हर", म्हणजे आत आवाज काढणारे चार भाग, हेही तसंच. आतमध्ये चुंबक, तारेचं वेटोळं आणि एक पातळ पडदा असलेला एकच साधा ड्रायव्हर नीट जुळवला तर तो घाईने एकत्र कोंबलेल्या चारांपेक्षा केव्हाही बरा वाजतो. खरं तर स्वस्तात चांगलं मिळण्याचा काळ आत्ताच आलाय. २०२२ मध्ये मूनड्रॉप चू, सेव्हनहर्ट्झ झीरो असे एकाच ड्रायव्हरचे, वीसेक डॉलरचे चिनी इअरफोन आले आणि पूर्वी कितीतरी जास्त पैसे मोजून मिळायचा तसा समतोल आवाज कॉलेजच्या पोरांच्या आवाक्यात आला. त्याच्यामागे बरंच मोजमापाचं काम आहे. हारमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कितीतरी लोकांना बसवून त्यांना कानात कसा आवाज आवडतो ते तपासलं, आणि त्यातून कुठला स्वर किती मोठा असावा याची जी रेषा निघाली तिच्या आसपास आता स्वस्तातले इअरफोनही जुळवले जातात.

हे सगळं मला माहीत होतं. भाचीच्या डबीवर ड्रायव्हर एकच आहे हेही मी वाचलं होतं. लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत मी इतरांना कितीदा सांगितलंय की दोन इअरफोन लागोपाठ ऐकून ठरवताना दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्या, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो. कमी आवाजात आपल्या कानाला खालचे आणि वरचे स्वर मधल्यांपेक्षा मंद ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलंय. आवाज थोडा वाढवला की डग्गाही भरतो, झांजही चमकते, आणि विक्रेत्याचा अंगठा नेमका त्या बटणावर असतो. इतकं सगळं कळत असून मी दादरच्या पुलावर, खालून गाड्या धडधडत असताना, वीस सेकंदांत निकाल देऊन मोकळा झालो. गाडीचा, गर्दीचा, शहराचा आवाज बहुतेक खालच्या पट्टीतलाच असतो. तो कानात आला की गाण्यातलं खालचं सगळं गिळून टाकतो.

पण खरी चूक त्याहून साधी होती.

ती सापडली तीन आठवड्यांनी, अंधेरीला. उतरणाऱ्यांच्या रेट्यात माझ्या स्वतःच्या इअरफोनची वायर कुणाच्या तरी बॅगेत अडकली, डावा कानातून निसटला आणि त्याच्या टोकाचं मऊ रबर तिथेच कुठेतरी पायांखाली गेलं. घरी येऊन मी खणातून जुनं खोकं काढलं. त्यात मोठी रबरं उरलीच नव्हती, छोट्या मापाची जोडी मात्र कधीच न वापरल्यामुळे तशीच प्लॅस्टिकच्या पिशवीत होती. चालेल म्हणून तीच दोन्हीकडे चढवली, आणि रोजचीच, पाठ झालेली मैफल लावली. पातळ. किरकिरी. डग्गा म्हणजे पुठ्ठ्यावर टिचकी. तंबोऱ्याचा नुसता वरचा किणकिणाट. दादरच्या पुलावर ऐकलेला आवाज शब्दशः तोच, आणि माझे हे इअरफोन भाचीच्या चौपट किमतीचे आहेत. मी बोटाने ती कानात दाबून धरली, तर खालून सगळं एकदम भरून आलं. बोट काढलं, गेलं. दाबलं, आलं. पंख्याखाली उभा राहून मी ते कितीदा केलं असेन! मग मला आठवलं, त्या दिवशी पुलावर भाचीचे इअरफोन कानात घालताना ते जरा सैल वाटले होते, आणि मी त्याचं काहीच केलं नव्हतं.

भाचीचे कान लहान आहेत. मधल्या मापाची रबरं तिला दुखली म्हणून तिने छोटी लावली होती, जे अगदी योग्य होतं. त्या रबरांनी तिचा कान नीट बंद होत होता, माझा होत नव्हता. इअरफोनचा तो मणभर चुंबक नसलेला, चिमूटभर पडदा खालचे स्वर ऐकवू शकतो ते केवळ त्याच्या आणि कानाच्या पडद्याच्या मधली हवा कोंडलेली असते म्हणून. बाजूने एक बारीकशी फट राहिली की ती हवा निसटते आणि सगळ्यात आधी खर्ज जातो. वरचे स्वर मात्र तसेच येत राहतात, म्हणून आवाज कर्कश वाटतो. मी त्या इअरफोनची परीक्षा घेतलीच नव्हती. माझ्या कानातल्या फटीची घेतली होती आणि गुण तिला दिले होते.

एवढ्या वर्षांत मी कितीजणांना "हे घ्या, ते घेऊ नका" सांगितलं, त्या प्रत्येकाच्या कानाचं काय? दोन कान एकाच माणसाचेही सारखे नसतात. मी त्या रात्री पहिल्यांदा नीट पाहिलं तर मला डाव्याला मोठं रबर लागतं आणि उजव्याला मधलं पुरतं. नवीन ऐकणाऱ्याला कुठला घेऊ असं विचारलं की आपण लगेच नाव सांगतो, आणि रबराची ती फुकट मिळणारी पिशवी खोक्यासकट माळ्यावर जाते. आता मला कुणी विचारलं तर मी आधी तिथूनच सुरुवात करेन. तिन्ही मापं लावून बघ, एका हाताने कानाची पाळी वर ओढून मग आत सरकव, आणि लावल्यावर स्वतःचाच आवाज आतून घुमल्यासारखा आला तर समज बसलं. त्यानंतर आपल्याला जे पाठ आहे तेच लाव, नवीन काही नको. तबला असेल तर उत्तम. "ना" किनारीवर पडतो तेव्हा तो टणक आणि कोरडा हवा, आणि डग्ग्यावर मनगट सरकवून घेतलेली मींड वर चढताना शेवटपर्यंत दिसायला हवी, दिसायला असंच म्हणतो मी, मधेच धुक्यात जाता कामा नये. मराठी गाणं असेल तर शब्द ऐक. "चहा"तला च आणि "चाळी"तला च वेगळे आहेत, ते वेगळेच ऐकू आले पाहिजेत, आणि "स" आला की डोळे मिटायला होता कामा नयेत. एवढं जमलं तर चौदाशेचा असो की सातशेचा, सुरुवात करायला तो पुरे आहे. त्याच पैशांत बिनवायरचे घेतले तर त्यातला मोठा वाटा बॅटरी, रेडिओची चिप आणि चार्ज करायची डबी यांच्यावर जातो, म्हणून नुसतं ऐकायचंच असेल तर वायर बरी, असं माझं मत आहे. वायर शर्टाला घासली की कानात धपधप ऐकू येतं, ती कानामागून वळवून घेतली की ते बरंच थांबतं. फोनला गोल भोक नसेल तर टाइप-सीची छोटी शेपटी घ्यावी लागते, ती हरवते, म्हणून डबीतच ठेवावी.

आणि कान नीट बंद होण्याचा दुसराही एक फायदा आहे, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ही पोरं ऐकतात कुठे? गाडीत. डोंबिवली ते माटुंगा, उभ्याने, रोज जाऊन-येऊन दोन तास. रबर सैल असेल तर बाहेरची धडधड आत येते, तिच्यावर मात करायला आवाज चढवला जातो आणि कानाला त्याचा हिशेब द्यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सोपा आहे. ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास, आणि प्रत्येक ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. ८९ वर गेलात तर आठवड्याचे पाचच तास उरतात, म्हणजे बुधवारच्या सकाळीच संपले. घट्ट बसलेलं रबर बाहेरचा आवाज दाराबाहेर ठेवतं आणि मग कमी आवाजातही सगळं ऐकू येतं. मात्र फलाटावर आणि रस्त्यावर ते कानातून काढलेच पाहिजेत. गाडीचा भोंगा न ऐकल्यामुळे या शहरात माणसं गेली आहेत, याच्यावर मी आणखी लिहू शकत नाही.

रविवारी सकाळी मी डोंबिवलीला गेलो. ताईने पोहे केले होते. "तुझे इअरफोन कुठेत गं?" मी विचारलं. ती आत गेली, अभ्यासाच्या टेबलाचा खालचा खण उघडला, जुन्या वह्यांच्या खालून डबी काढली. तीन आठवडे ती पुन्हा मोबाईल उशीशी ठेवून ऐकत होती. "तू म्हणालास ना चांगले नाहीत." मी तिला सगळं सांगितलं, अंधेरीपासून. चूक माझी होती, इअरफोनची नव्हती आणि तुझीही नव्हती, असं स्पष्ट म्हणालो. ती काही बोलली नाही. रबरं तिचीच होती, छोटी. मी एवढंच केलं, पाळी वर ओढून ती आत कशी सरकवायची ते दाखवलं, वायर कानामागून घेतली आणि म्हणालो, मी नाही ऐकणार, तूच ऐक. तिने स्वतःच शोधून ठेवलेली एका मैफलीची ध्वनिफीत लावली. मीही ती कित्येकदा ऐकलेली. पहिल्या मिनिटाला ताईने तिला हाक मारली, तिला ऐकू गेली नाही. माझे पोहे गार होत होते. ती खिडकीबाहेर बघत होती, पण बघत नव्हतीच, तिच्या भुवया जराशा आत ओढल्या गेल्या होत्या, जशा हिशेब करताना होतात. दहा-बारा मिनिटं अशी गेली असतील.

मग तिने एक बाजू काढली आणि म्हणाली, "मामा, तंबोरे दोन आहेत."

"दोनच असतात," मी म्हणालो.

"तसं नाही. एक इकडे आहे आणि एक इकडे." तिने दोन्ही हात कानांपासून बाहेर नेऊन दाखवलं. "आणि या बाजूचा थोडा खाली गेलाय. मग कुणीतरी तो वर आणतं. तू ऐक ना."

मी खिशातून माझी रबरं काढली, डाव्यासाठी मोठं, उजव्यासाठी मधलं. तिची छोटी जोडी उतरवून तिच्या तळहातावर ठेवली, माझी चढवली, आणि ध्वनिफीत सुरुवातीपासून लावली. "स" जरासा टोचत होता, हे मी तिला नंतर सांगितलं. डग्गा भरलेला होता. खर्ज होता, पुरा, गळ्याच्या खाली लागत होता. आणि तंबोरे दोन होते, डावीकडे एक, उजवीकडे एक, आणि आलाप चालू असताना उजवीकडचा अगदी केसभर उतरलेला होता. एवढ्या वर्षांत, चौपट किमतीच्या इअरफोनवर, मला तो कधी ऐकू आला नव्हता. मी वाट बघत बसलो. मध्य सप्तकातल्या "सा"वर गायक थांबला, आणि त्या थांबण्यात मागून कुणीतरी तंबोऱ्याचा सूर जुळवायचा मणी हलकेच सरकवला. तार वर आली, दुसरीला मिळाली.

मी मान वर केली तर भाची माझ्या तोंडाकडेच बघत होती.

"आला ना?" तिने विचारलं.